आधी मीटर, मग पाना

दुरुस्तीचं पान : वाचकांचे प्रश्न

निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की दोन-चार दिवसांत माझ्याकडे पत्रांचा गठ्ठा येतो आणि त्यातली निम्मी गीझरची असतात. आठ महिने गीझरकडे कुणी ढुंकून बघत नाही. मार्गशीर्षात गारठा पडला की बटण दाबायचं, लाल दिवा लागला नाही की शिडी शोधायची, आणि मग ‘कुणी माणूस आहे का हो ओळखीचा?’ म्हणून अख्ख्या सोसायटीला विचारत सुटायचं. या अंकात एकच पत्र सविस्तर घेतोय, कारण त्यात जिवाशी खेळ होता. बाकीची थोडक्यात उरकतो.

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत १९९३ ची. घरात सासूबाई (वय ७८), आम्ही दोघं आणि दोन मुलं. बाथरूममध्ये पंधरा लिटरचा गीझर आहे, त्याला सात वर्षं झाली. दिवाळीआधी बाथरूमचं काम काढलं. फरशी, नळ, पाइप सगळं नवीन केलं. नोव्हेंबरात गीझर लावला तर पाणी कोमटच. दुकानातून माणूस बोलावला. त्याने थर्मोस्टॅट बदलला आणि १,१५० रुपये घेतले. आठ दिवस बरं चाललं. मग दुसरा आला, म्हणाला कॉइल गेलीय. कॉइल बदलली, १,८०० रुपये. त्यानंतर गीझर मध्येच बंद पडायला लागला. तिसऱ्याने दहा मिनिटांत काम केलं, ४०० रुपये घेतले आणि म्हणाला, ‘डायरेक्ट करून दिलंय, आता बघायला नको.’ आता पाणी कडकडीत येतं, पण परवा सासूबाईंना नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या. मला वाटलं थंडीने असेल. दुसऱ्या दिवशी मलाही आल्या. एमसीबी पडत नाही. हे म्हणतात, नवीनच गीझर घेऊ. मला विचारायचंय ते वेगळंच. खरा शिकलेला माणूस ओळखायचा कसा आणि तो मिळतो कुठे? तिघंही अगदी ठामपणे बोलत होते हो.
(एक गृहिणी, इंदिरानगर)

उत्तर : ताई, पत्रावर तुमचा नंबर होता म्हणून बरं. पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्हाला फोन केला, एमसीबी म्हणजे बोर्डातला खटका खाली पाडायला लावला आणि प्लग काढायला सांगितला. मासिकातल्या उत्तराची वाट बघण्याजोगी ती गोष्ट नव्हती. ज्यांना नळाला हात लावल्यावर मुंग्या येतायत, त्यांनीही पुढचं वाचायच्या आधी उठून तेवढं करून यावं. थंडीने मुंग्या येतात त्या बोटांच्या टोकांना, हात आखडल्यावर. नळाला लागताच येतात आणि सोडताच जातात, ती वीज.

त्या रविवारी मी तुमच्याकडे आलो तेव्हा काय सापडलं ते तुमच्या परवानगीने इथे लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. मी स्वतः शिडीवर चढत नाही आता, गुडघे बोलतात. अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो तेव्हा माझ्या हाताखाली तयार झालेला एक वायरमन सोबत आणला होता. तो आत आला, चहा नको म्हणाला आणि पहिला प्रश्न काय विचारला आठवतंय? ‘बाथरूमचं काम झालं त्याच्या आधी गीझर नीट चालत होता का?’ तुम्ही हो म्हणालात. पिशवीतून पाना निघायच्या आधी त्याचं निम्मं काम तिथेच झालं. तुमच्या आधीच्या तिघांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं.

त्याने गीझरच्या खाली बघितलं. प्रत्येक गीझरला खाली दोन तोट्या असतात, एकीला निळी कडी, दुसरीला लाल. निळीतून गार पाणी आत जातं आणि टाकीच्या तळाशी पडतं. लाल तोटीची नळी आत टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते, कारण गरम पाणी हलकं, ते वर साचतं आणि तिथूनच बाहेर यायला हवं. नवीन पाइप टाकताना तुमच्या प्लंबरने ही जोडणी उलटी केली होती. गार पाणी वरून आत पडत होतं आणि तळाचं कोमट पाणी बादलीत येत होतं. गीझर बिचारा पहिल्या दिवसापासून धडधाकट होता. बिघाड नळकामातला आणि उपचार विजेचे, असा तुमचा नोव्हेंबर गेला.

पुढचं त्यातूनच उपजलं. पहिल्याने थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरलेलं तापलं की वीज तोडणारा खटका, बदलला आणि पाणी गरम दिसावं म्हणून तो शेवटच्या टोकाला फिरवून ठेवला. म्हणून ते आठ दिवस बरे गेले. दुसऱ्याने कॉइल बदलली. ती गेली होती का? पंधरा लिटर पाणी पंधरा अंशांवरून साठ अंशांवर न्यायला दोन किलोवॅटच्या गीझरला तेवीस-चोवीस मिनिटं लागतात, पाऊण युनिटाच्या थोडं वर वीज जाते. घड्याळ लावून बघितलं असतं तरी कॉइल ठीक आहे हे कळलं असतं. मल्टिमीटर लावला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं: २३० व्होल्टवर दोन किलोवॅटची कॉइल साडेसव्वीस ओहमच्या आसपास दाखवते, तुटलेली असेल तर काहीच दाखवत नाही. तुमची जुनी कॉइल त्याने सोबत नेली, त्यामुळे आता शहानिशा करायला काही उरलं नाही. थर्मोस्टॅट टोकाला असल्यामुळे टाकीतलं वरचं पाणी फार तापायचं आणि मग आतला कटआउट उडायचा. कटआउट म्हणजे थर्मोस्टॅट फसला तर गीझर बंद करणारी शेवटची राखण. तिसऱ्याने काय केलं, तर थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही वगळून तारा सरळ कॉइलला जोडल्या. त्यालाच ‘डायरेक्ट’ म्हणतात. कुठल्याही कारागिराने तुमच्या घरात गीझरच्या बाबतीत हा शब्द उच्चारला तर त्याला पाणी द्या, आल्याचे पैसे द्या आणि दार दाखवा. डायरेक्ट केलेला गीझर पाणी उकळलं तरी थांबत नाही. त्यात सेफ्टी व्हॉल्व्हही चुन्याने बसलेला असेल तर वाफेचा दाब टाकी फोडून बाहेर येतो.

तुमचा व्हॉल्व्ह सुदैवाने मोकळा होता. तुम्ही मला हळूच विचारलंत ना, ‘तो सारखा ठिबकतो, त्याला बूच मारू का?’ मारू नका. पंधरा लिटर पाणी गार असताना आणि साठ अंशांना गेल्यावर यात जवळजवळ पेलाभर फरक पडतो, तेवढं पाणी फुगतं. आतली झडप त्याला मागे जाऊ देत नाही, म्हणून ते व्हॉल्व्हमधून ठिबकतं. गीझर तापताना ठिबकलं तर ठीक. चोवीस तास ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह बदला, आणि बदलताना कंपनीचाच घ्या.

आता मुंग्या. माझ्या माणसाने मेगर काढला. मेगर म्हणजे ५०० व्होल्टचा दाब देऊन तारेभोवतीचं आवरण कुठे गळतंय का ते बघायचं यंत्र. चांगल्या कॉइलचा काटा मेगओहममध्ये राहतो. तुमच्या दोन महिन्यांच्या नव्या कॉइलचा जवळपास शून्यावर आला. खोलून बाहेर काढली तर वर सोसायटीच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, आणि तो नखाने खरवडल्यावर नळीला टाचणीएवढं भोक. डायरेक्ट केल्यापासून ती पोरगी उकळत्या पाण्यात रात्रंदिवस भाजत होती. त्यात तिच्यावर आयएसआयचा शिक्काही नव्हता. त्या भोकातून वीज पाण्यात उतरत होती.

तरीही अर्थिंग ठीक असतं तर ती गळती जमिनीत गेली असती, सासूबाईंच्या हातात आली नसती. मीटर फेज आणि न्यूट्रलवर लावला तर २३२ व्होल्ट. अर्थिंग ठीक असेल तर फेज आणि अर्थवरही जवळपास तेवढाच आकडा दिसायला हवा. फेज आणि अर्थवर लावला तर कधी ८०, कधी ११०, आकडा जागेवर थांबेना. म्हणजे अर्थची तार कुठेच टेकलेली नाही. बोर्डातून निघालेली हिरवी तार शोधत शोधत आम्ही डक्टमध्ये पोहोचलो, आणि तिथे मला तीस वर्षांपूर्वीचे आमचेच उद्योग दिसले. नव्वदच्या दशकात नाशिकच्या कित्येक इमारतींमध्ये वायरमन मंडळींनी अर्थची तार सरळ पाण्याच्या लोखंडी पाइपला क्लॅम्पने आवळली. पाइप जमिनीत जातो, मग अर्थिंग झालंच की! मीही हे केलंय; जेल रोडच्या माझ्या स्वतःच्या घरात केलंय, उगाच साधूचा आव कशाला आणू? तुमच्या प्लंबरने दिवाळीत तो लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसीचा टाकला. प्लास्टिकमधून वीज जमिनीत कशी जाणार? क्लॅम्प तसाच, हातभर गंजक्या तुकड्याला आवळलेला, आणि तो तुकडा हवेत लोंबत होता. प्लंबरला विजेचं ठाऊक नव्हतं आणि वीजवाल्यांनी पाइपकडे बघितलं नाही. ज्यांच्या जुन्या इमारतीत अलीकडे लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकलेत, त्यांनी गीझर चांगला चालत असला तरी अर्थिंग एकदा मीटरने तपासून घ्यावं.

एमसीबी का पडला नाही, असं तुम्ही विचारलंत. एमसीबी फक्त गर्दी बघतो. तारेतून फार करंट जायला लागला की पडतो. गळती मिलिअँपिअरमधली असते, तेवढ्याने त्याची झोपमोड होत नाही. गळती पकडतो तो आरसीसीबी, लोक त्यालाही ईएलसीबीच म्हणतात. त्याचं काम वणीच्या यात्रेला गाडी नेणाऱ्या क्लीनरसारखं. जाताना माणसं मोजायची, येताना मोजायची आणि एखादं कमी भरलं की गाडी जागेवर थांबवायची. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. तो पडला की लोक वैतागतात आणि कारागिराला तो काढून टाकायला सांगतात. अहो, तो पडतोय म्हणजे तुमचं कुणीतरी वाचतंय. त्याच्यावर ‘टेस्ट’ असं लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं.

आता माणूस कसा ओळखायचा. तुम्हाला वाटत असेल मी प्रमाणपत्रांची यादी देईन. थोडी देतोच, कारण नावं माहीत असली की विचारताना जीभ अडखळत नाही. त्र्यंबक रोडला सातपूरच्या आयटीआयमध्ये किंवा कुठल्याही आयटीआयमध्ये शिकलेला इलेक्ट्रिशियन म्हणजे ‘वीजतंत्री’, वायरमन म्हणजे ‘तारतंत्री’, हे दोन्ही दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम. प्लंबर म्हणजे ‘नळ कारागीर’, तो एक वर्षाचा. त्याशिवाय वायरमनचं सरकारी परमिट असतं आणि इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स असतं. हा फरक कामाला येतो तो असा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे घरातला बल्ब, पंखा किंवा गीझर त्याच क्षमतेचा बदलायला लायसन्सवाला लागत नाही. पण नवीन तार ओढणं, अर्थिंग टाकणं, पॉइंट वाढवणं हे लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरमार्फतच व्हायला हवं. तुमच्या घरचं कॉइल-थर्मोस्टॅटचं काम पहिल्या प्रकारातलं होतं आणि तीन मजले खाली मीटर रूमपर्यंत अर्थची तार नेणं दुसऱ्या. म्हणून माझ्या माणसाने पहिलं स्वतः केलं आणि दुसऱ्यासाठी कॉन्ट्रॅक्टर आणला, जो आधी खाली जाऊन सोसायटीचा अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा जमिनीतला खड्डा, शोधून, मोजून आला. महावितरणला फोन करून उपयोग नसतो हेही सांगून ठेवतो. त्यांची जबाबदारी मीटरपाशी संपते, मीटरच्या पुढचं सगळं तुमचं.

असा लायसन्सवाला शोधायची एक सोपी युक्ती आहे. नवीन वीजजोडणी घेताना महावितरणला कॉन्ट्रॅक्टरच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. तुमच्या गल्लीत नुकतंच कुणी नवीन मीटर घेतलं असेल, दुकान काढलं असेल, तर त्याला विचारा, तुमच्या रिपोर्टवर सही कुणाची? त्या कागदावर कॉन्ट्रॅक्टरचं नाव आणि लायसन्स नंबर दोन्ही असतात.

गीझरच्या आतलं काम असेल आणि गीझर नावाजलेल्या कंपनीचा असेल, तर कंपनीचा माणूस बोलावलेला बरा. पण नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा गीझरच्या पोटावर चिकटवलेला घ्या. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिला दिसेल तो नंबर फिरवू नका. आमच्याच कॉलनीत एकांना असा ‘कंपनीचा माणूस’ भेटला. त्याने मोबाइलवर एक अॅप घ्यायला लावलं आणि गीझर दुरुस्त व्हायच्या आधी खातं रिकामं झालं. असं कुणाचं झालंच तर एका मिनिटाचा उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. कंपनीचा खरा माणूस आला, त्याने प्लग तपासला आणि ‘अर्थिंग नाही, मी चालू करून देणार नाही’ असं कागदावर लिहून निघून गेला, तर त्याच्यावर रागावू नका. तुमच्याकडे आलेल्या तिघांपेक्षा तो शहाणा. तुमच्या भिंतीतल्या तारा हे त्याचं काम नाही.

कागद बघून झाल्यावर मी मात्र एकच गोष्ट बघतो. माणूस आधी विचारतो-मोजतो, की आधी खोलतो? फोनवरच विचारा, ‘मेगर आहे का तुमच्याकडे?’ ‘कशाला, टेस्टर आहे ना’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. टेस्टरचा दिवा पेटला म्हणजे वीज आहे एवढंच कळतं, आणि कधीकधी तेवढंही खरं नसतं. शेजारून गेलेल्या तारेच्या नुसत्या प्रभावानेही तो मिणमिणतो. दुसरं म्हणजे जुना पार्ट परत द्यायला जो कुरकुरतो, त्याला पुन्हा बोलवायचं नाही. मी स्वतः बदललेली प्रत्येक कॉइल वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचो. ती बाई पुढच्याच मंगळवारी भंगारवाल्याला देणार हे ठाऊक असायचं, तरी द्यायचो.

प्रमाणपत्रावर माझा आंधळा विश्वास नाही. मला ज्यांनी हे काम शिकवलं त्या उस्तादांची शाळा चौथीत सुटली होती, आणि ते कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी मीटरचा काटा माझ्या डोळ्यांपुढे धरायचे. ‘बोल, किती?’ चुकीचं वाचलं तर डोक्यात टपली. उलट हातात प्रमाणपत्र आणि खिशात फक्त टेस्टर असणारी मुलंही मी बघितलीत. कागद असलेला, मोजणारा माणूस मिळाला तर सोनंच. दोन्हीतलं एकच मिळत असेल, तर गीझर खोलायला मोजणारा घ्या आणि तार ओढायला कागदवालाच घ्या, तिथे तडजोड नाही.

नवीन गीझर घ्यायची गरज पडली नाही हे तुम्हाला कळलंच आहे. टाकी शाबूत होती. आतला मॅग्नेशियमचा रॉड खंगून काडीएवढा झाला होता. तो टाकीऐवजी स्वतः गंजून घेतो, म्हणून मधूनमधून बदलायचा असतो. सात वर्षांत तुमच्या घरी आलेल्या कुणी त्याचं नावही काढलं नाही. दिवाळीपासून वाया गेलेले तुमचे ३,३५० रुपये मात्र परत येणं अवघड, कारण तिघांपैकी एकानेही बिल दिलेलं नाही. बिल असतं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार तरी टाकता आली असती. सासूबाईंना नमस्कार सांगा. त्यांनी दिलेला तिळाचा लाडू शिडीवाल्याने खाल्ला, मला मधुमेह आहे.

प्रश्न : भाऊ, आमची सात मजली सोसायटी नाशिक रोडला आहे. गच्चीवर सामाईक सोलर. ऊन कडक असतं तरी सकाळी पाणी कोमट. तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली, तिघंही म्हणतात सगळ्या ट्यूब बदला. खर्च लाखाच्या वर जातो. काय करावं?
(सेक्रेटरी, नाशिक रोड)

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, तिघांपैकी गच्चीवर कोण चढलं होतं? माझा अंदाज, एकही नाही. खालूनच ट्यूब मोजल्या असणार.

तुम्ही स्वतः दुपारी गच्चीवर जा. प्रत्येक काचेच्या ट्यूबच्या बंद टोकाला आतून चंदेरी मुलामा असतो, आरशासारखा. ज्या ट्यूबची निर्वात पोकळी गेली, तिचा हा चंदेरी भाग दुधासारखा पांढरा होतो. पांढऱ्या तेवढ्याच मेल्या, बाकीच्या जिवंत. मोजून आकडा लिहून आणा, मग कोटेशनवाल्याशी बोला. त्याच वेळी वरच्या टाकीच्या पाइपला हात लावा. दुपारी तीनला तिथे चटका बसत असेल तर ट्यूब काम करतायत आणि चोर खाली बसलाय.

हा चोर बहुतेक वेळा एखाद्या फ्लॅटमधला मिक्सर असतो. कुणीतरी मिक्सरच्या पुढे हँडशॉवर लावतो, पाणी शॉवरच्याच बटणाने बंद करतो आणि मिक्सर तसाच उघडा ठेवतो. मग गार पाणी मिक्सरमधून गरम पाण्याच्या लाइनमध्ये घुसतं आणि सगळ्या सोसायटीचं पाणी कोमट होतं. ज्याच्या घरी हे घडतं त्याला पत्ताही नसतो. रात्री दहानंतर, कुणी पाणी वापरत नसताना, एकेका फ्लॅटचा गरम पाण्याचा कॉक बंद करत जा, दर वेळी खालच्या मजल्यावरचा एक गरम नळ थोडा सोडा आणि डक्टमधल्या गरम लाइनला हात लावून बघा. ज्या फ्लॅटचा कॉक बंद केल्यावर पाइप हळूहळू तापायला लागला, चोर तिथला. माणूस सापडल्यावर मीटिंगमध्ये नाव घेऊ नका, नाहीतर पुढचे सहा महिने तुम्हाला मेंटेनन्स मिळणार नाही. प्रत्येक फ्लॅटच्या गरम पाण्याच्या जोडणीवर एकदिशा झडप बसवून घ्या आणि विषय मिटवा. बोअरचं पाणी सोलरला चढवत असाल तर टाकीतला आणि ट्यूबमधला क्षार दरवर्षी काढायला लागेल, ते वेगळंच.

माणूस निवडायचा तर दर काय लावतो ते नंतर. आधी कोण शिडी मागतो ते बघा.

प्रश्न : सर, मी गंगापूर रोडला भाड्याने राहतो, शिकायला आलोय. मालकांनी बाथरूमच्या आत गॅस गीझर बसवलाय. छोटी खिडकी थंडीमुळे आम्ही पुठ्ठा लावून बंद केलीय. दोन-तीनदा अंघोळ करून बाहेर आल्यावर डोकं दुखलं आणि गरगरलं. गीझर दुरुस्त करायला कुणाला बोलावू?
(विद्यार्थी)

उत्तर : बाळा, गीझर दुरुस्त करायचा नाही, आज वापरायचाच नाही. पुठ्ठा आत्ता काढ. डोकं दुखतंय ते कार्बन मोनॉक्साइडने. बंद जागेत गॅसला जळायला हवा पुरत नाही, तेव्हा हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. गरगरलं म्हणजे तू थोडक्यात बाहेर आलास. आत बेशुद्ध होऊन पडला असतास तर कडी आतून लावलेली, आणि बाहेर पाण्याचा आवाज येतोय म्हणून रूममेट म्हणाले असते, अंघोळ चाललीय. डोकेदुखी राहिली तर डॉक्टरकडे जा आणि गॅस गीझरचं स्पष्ट सांग, नाहीतर सर्दीची गोळी देऊन परत पाठवतील.

मालकांना माझं नाव सांगून सांग की गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, ड्राय बाल्कनीत बसवायचा असतो आणि गरम पाणी पाइपने आत आणायचं असतं. तो बाहेर हलवला की मग कंपनीचा माणूस बोलावून बर्नर साफ करून घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर त्याच्या कागदावर सही करू नकोस. सिलेंडर काढून पाइपगॅस घेतला असेल तर आतला जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोटी, हाही बदलावा लागतो. तोच जेट चालतो म्हणणारा माणूस चालत नाही. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन. तोवर चुलीवर पाणी तापव, नाहीतर गोदावरीवर जाऊन गार पाण्याने अंघोळ कर, पंचवटीत रोज पहाटे किती जण करतात.

प्रश्न : काका, एवढं सगळं लिहिता, तर तुमच्या त्या वायरमनचाच नंबर छापा ना.
(अनेक वाचक)

उत्तर : मागच्या हिवाळ्यात छापणार होतो. तो म्हणाला, ‘साहेब, छापलात तर मी सिम बदलीन.’ कारखान्यातली त्याची शिफ्ट सकाळी सातची आहे आणि बायकोने बजावलंय, रविवारी फक्त एक घर. या रविवारी पाथर्डी फाट्याला जायचंय.